शहर किती उंच असावं?

अवसरी बुद्रुकहून पुण्याला जायला निघालं की आधी मंचर लागतं. तिथून पुणे-नाशिक रस्त्यानं पेठ, राजगुरुनगर, चाकण, मोशी, भोसरी असं करत आपण पुण्यात शिरतो. या वाटेवर एसटीच्या खिडकीशी बसून फक्त इमारतींचे मजले मोजत गेलं तर एक गंमत लक्षात येते. अवसरीत बहुतेक घरं एक-दोन मजल्यांची. मंचरच्या बाजारपेठेत तीन-चार मजले. चाकणच्या आसपास सात, अकरा. मोशीच्या बाजूला तर मान वर करूनच मोजावं लागतं. शहर जवळ येईल तसे मजले वाढत जातात, हे अपेक्षितच आहे. पण पुण्याच्या अगदी पोटात, कसबा, शनिवार, नारायण या जुन्या पेठांत शिरलो की मजले पुन्हा तीन-चार-पाचवर येतात!

म्हणजे शहराचं केंद्रच ठेंगणं. असं का? पुणं एवढं वाढतंय, मग मध्यवस्तीत उंचच उंच इमारती उभारायला नकोत का? त्या उभारल्या नाहीत तर शहर आडवं पसरत पसरत टेकड्यांवर चढेल आणि एक दिवस आंबेगाव-जुन्नरच्या उसाच्या, कांद्या-बटाट्याच्या शेतांपर्यंत येईल, अशी भीती खरी आहे का? प्रश्न भूगोलाचा वाटतो, पण त्याचं निम्मं उत्तर भूमितीच्या तासाला मिळतं. चला, शोधू या.

टेकड्यांच्या कुशीतलं शहर

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. मुळा आणि मुठा या नद्यांच्या खोऱ्यांत ते वसलं आणि पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, चतुःशृंगी, बाणेर अशा टेकड्यांच्या मधून वाढलं. १९९१ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे १५.७ लाख माणसं होती. २०११ मध्ये ती ३१ लाखांवर गेली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या त्याच वीस वर्षांत ५.२ लाखांवरून १७.३ लाखांवर पोचली, म्हणजे तिप्पट झाली. माणसं वाढली तशी हद्दही वाढली. १९९७ मध्ये काही गावं पुण्यात आली, २०१७ मध्ये आणखी ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३. एकेकाळी शहराबाहेर असणाऱ्या टेकड्या आता शहराच्या आत आहेत.

माणसं येणार, त्यांना घरं लागणार. जमीन तेवढीच. मग वर जाण्यावाचून इलाज नाही, असं आपण पटकन म्हणतो. यात 'वर जाणं' आणि 'दाटीनं राहणं' या दोन गोष्टी आपण एकच धरलेल्या असतात. त्या एक नाहीत. हे समजायला सोळा काडेपेट्या पुरतात.

सोळा काडेपेट्यांचं गाव

पाटीवर चार ओळी आणि चार रकाने असे सोळा चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात एक काडेपेटी मावली पाहिजे. ही पाटी म्हणजे आपला प्लॉट आणि एक काडेपेटी म्हणजे एक घर. आता सोळाही काडेपेट्या एकेका चौकोनात ठेवा. पाटी गच्च भरली. मग त्या दोन-दोनच्या थरांत रचा. आठ चौकोन मोकळे झाले. चार-चारचे थर रचले तर बारा मोकळे. सोळाही एकावर एक ठेवल्या तर पंधरा मोकळे.

घरं किती? प्रत्येक वेळी सोळाच. सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ भागिले प्लॉटचं क्षेत्रफळ, या गुणोत्तराला 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात. बांधकामाच्या बोलीत तो एफएसआय. आपल्या चारही रचनांत तो एकच आहे: सोळा भागिले सोळा, म्हणजे १. इमारत उंच दिसली म्हणजे तिथं जास्त माणसं राहतात असं नाही. उंची हा फक्त रचनेचा एक प्रकार आहे.

आता उंच रचनेनं जमीन वाचते हे तर दिसलंच. पण किती वाचते? इथं एक हिशोब करू.

पहिले मजले जास्त कामाचे

समजा, एक हजार कुटुंबांची वस्ती करायची आहे. दर कुटुंबाला भिंती-जिने धरून ६० चौरस मीटर जागा. म्हणजे एकूण ६०,००० चौरस मीटर. एक गुंठा साधारण १०० चौरस मीटरचा, तेव्हा हे झाले ६०० गुंठे. शिवाय रस्ते, शाळा, दवाखाना, मैदान, पाण्याची टाकी यांना आपण ४०० गुंठे धरू. इमारती कितीही उंच केल्या तरी मैदान आणि रस्ते जमिनीवरच लागणार, म्हणून हा आकडा बदलत नाही. आता मजले दुप्पट-दुप्पट करत जाऊ.

१ मजला: ६०० + ४०० = १००० गुंठे
२ मजले: ३०० + ४०० = ७०० गुंठे
४ मजले: १५० + ४०० = ५५० गुंठे
८ मजले: ७५ + ४०० = ४७५ गुंठे
१६ मजले: ३७.५ + ४०० = ४३७.५ गुंठे
३२ मजले: सुमारे १९ + ४०० = ४१९ गुंठे

एकाचे चार मजले केल्यावर ४५० गुंठे वाचले. चाराचे आठ केल्यावर ७५. पण सोळाचे बत्तीस केले, म्हणजे आणखी सोळा मजले चढवले, तर वाचले जेमतेम १९ गुंठे. अर्धा एकरसुद्धा नाही! ४०० च्या जागी तुम्ही ३०० किंवा ५०० गुंठे धरून पाहा. आकडे बदलतील, पण कल तोच राहील. गणिताच्या भाषेत सांगायचं तर हा १/n चा आलेख आहे. सुरुवातीला धाडकन उतरतो आणि मग जवळजवळ आडवा होतो. विद्यार्थ्यांकडून तो आलेख-कागदावर काढून घ्यावा. एकमजली पसरट वस्ती जमिनीची खरी उधळपट्टी करते. आठव्या मजल्यानंतर मात्र जमिनीची बचत हे कारण दुबळं होत जातं.

उजेडाचा हिशोब

इमारतींच्या मधली मोकळी जागा आपण अजून मोजलेली नाही. शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी करा. अवसरीचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सर्वांत कललेला असतो. त्या दिवशी घड्याळात साडेबाराच्या सुमारास काठीची सावली सर्वांत आखूड असते, तरी ती सुमारे ९२ सेंटिमीटर भरते. सकाळी साडेनऊला तीच सावली १८० सेंटिमीटरच्या आसपास असते.

काठीऐवजी इमारत धरा. एक मजला तीन मीटरचा, तर दहा मजली इमारत ३० मीटर उंच. तिची डिसेंबरातली भरदुपारची सावली २७-२८ मीटर. तीस मजली इमारतीची ८० मीटरच्या वर. एप्रिल-मे महिन्यांत सावली हवीहवीशी वाटते हे खरं. पण वाळवण, ओल्या भिंती, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना हिवाळ्यात ऊन लागतंच.

आता पूर्व-पश्चिम अशा लांबच लांब इमारतींच्या रांगा कल्पा. प्रत्येक रांगेची रुंदी १० मीटर. मागच्या रांगेच्या तळमजल्याला डिसेंबरातल्या भरदुपारी ऊन मिळावं एवढं अंतर मध्ये ठेवायचं. मग जेवढे मजले जास्त तेवढं अंतरही जास्त. हिशोब केला तर चार मजल्यांना चटई क्षेत्र निर्देशांक १.९ मिळतो, आठ मजल्यांना २.५, बत्तीस मजल्यांना ३.३. आणि कितीही मजले चढवा, तो ३.६४ च्या पुढे जातच नाही! उंचीनं जे मिळवलं ते अंतरात गेलं. अंतर न सोडता उंच बांधलं तर दाटी वाढते खरी, पण मग खालच्या घरात भरदिवसा दिवा लावावा लागतो.

वाड्याची भूमिती

मग उंच न जाता, उजेड न घालवता दाटी साधता येते का? याचं एक उत्तर आपल्या जुन्या वाड्यांत आहे. आलेख-कागदावर १० × १० चौकोनांचा प्लॉट आखा. त्याच्या मधोमध ६ × ६ चा ठोकळा रंगवा. किती चौकोन झाले? ३६. आता दुसरा तसाच प्लॉट घ्या. त्याच्या कडेनं फक्त एका चौकोनाच्या रुंदीची पट्टी चारही बाजूंनी रंगवा. मोजा. शंभरातून आतला ८ × ८ चा चौक, म्हणजे ६४ वजा केले, उरले ३६. दोन्ही इमारतींचं क्षेत्रफळ अगदी सारखं!

पण फरक पाहा. मधल्या ठोकळ्याच्या पोटात अंधार आहे आणि भोवतालची मोकळी जागा चिंचोळी, वाया जाणारी. कडेच्या पट्टीत कुठलीही खोली उजेडापासून दूर नाही आणि मधे ६४ चौकोनांचं सलग अंगण आहे. हाच आपल्या वाड्याचा चौक. केंब्रिज विद्यापीठातल्या लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी १९६०-७० च्या दशकांत हीच भूमिती पद्धतशीरपणे मांडली. न्यूयॉर्कमधल्या मनोऱ्यांएवढंच चटई क्षेत्र चौकाभोवतीच्या कितीतरी ठेंगण्या इमारतींत बसवता येतं, हे त्यांनी आकडेमोड करून दाखवलं.

हे नुसतं कागदावर नाही. पॅरिस शहराचा बहुतेक भाग सहा-सात मजली आहे आणि बऱ्याच इमारती आतल्या चौकाभोवती बांधलेल्या आहेत. तिथं १९७३ मध्ये २१० मीटर उंचीचा मोंपार्नास मनोरा उभा राहिला. लोकांना तो इतका खटकला की १९७७ मध्ये शहरातल्या नव्या इमारतींवर ३७ मीटरची मर्यादा आली. मधे काही ठिकाणी ती सैल झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा आवळली गेली. या ठेंगण्या शहरात दर चौरस किलोमीटरला सुमारे २०,००० माणसं राहतात. २०११ मधल्या पुण्याचा असाच आकडा सुमारे साडेबारा हजार होता.

उंचीची किंमत

उंच इमारत बांधता येत नाही असं मुळीच नाही. उलट, पुण्याच्या जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे आणि अनेक ठिकाणी तो फार खोलही नाही. पायासाठी याहून चांगलं काय हवं? पण उंची फुकट मिळत नाही.

जुन्या घरांत वजन भिंती पेलतात, म्हणून गावाकडच्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाड असतात. शिकागोत १८९१ मध्ये पूर्ण झालेली मोनॅडनॉक ही सोळा मजली इमारत विटांच्या भिंतींवर उभी आहे. तळाशी या भिंती जवळजवळ १.८ मीटर जाड आहेत. याहून उंच जायचं तर तळमजल्यावर भिंतीच भिंती होतील! पोलादी सांगाड्यानं ही अडचण सोडवली. शिकागोतच १८८५ मध्ये लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर दहा मजली इमारत उभी राहिली होती. दोर तुटला तरी न कोसळणारी ओटिसची लिफ्ट त्याआधीच, १८५० च्या दशकात आली होती. या दोन शोधांनी गगनचुंबी इमारती शक्य झाल्या.

तरी वारा राहतोच. इमारतीची उंची दुप्पट केली की वारा अडवणारं क्षेत्र दुप्पट होतं आणि त्या जोराचा मध्यबिंदूही दुप्पट उंचीवर जातो. म्हणून तिला उलथवू पाहणारा जोर दुपटीनं नव्हे, चौपटीनं वाढतो. तेवढं पोलाद आणि काँक्रीट वाढवावं लागतं. लिफ्ट, जिने आणि नळ यांचा खांबही जाड होत जातो आणि प्रत्येक मजल्यावरची राहण्याजोगी जागा खातो.

पाण्याचं काय? वीजच फार लागते, असा आपला समज असतो. मोजून पाहू. पाच माणसांचं कुटुंब, दर माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे ६७५ लिटर पाणी. तीस मजली इमारतीत ते सरासरी ४५ मीटर चढवायचं. पंपाची निम्मी ऊर्जा वाया जाते असं धरलं तरी महिन्याला पाचेक युनिट लागतात. हे काही फार नाही. अडचण वेगळी आहे. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ सुमारे एक वातावरण एवढा दाब देतो. नव्वद मीटरच्या सलग नळात तळाशी नऊ वातावरणं दाब येईल, म्हणून मधे टाक्या आणि दाब कमी करणाऱ्या झडपा लागतात. वीज गेली आणि जनित्र चाललं नाही तर पंचविसाव्या मजल्यावरच्या आजी तिथंच अडकतात. चौथ्या मजल्यावरच्या आजी थांबत थांबत का होईना, उतरू शकतात.

आणि रस्ता? एका अरुंद गल्लीत १२० कुटुंबांचा मनोरा उभा केला आणि सकाळी घरटी एक मोटार बाहेर पडली तर एकीमागे एक उभ्या केलेल्या त्या मोटारींची रांग ६०० मीटर होते. गल्ली मात्र पेशव्यांच्या काळातलीच.

मग मध्यवस्तीचं काय?

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. पेठांतले प्लॉट लहान आणि बोळ अरुंद आहेत. शनिवारवाडा हे संरक्षित स्मारक असल्यानं त्याच्या भोवती १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. शिवाय पुण्यातल्या नोकऱ्या एका जागी नाहीत. हिंजवडी, खराडी, चाकण, भोसरी अशा त्या चहूकडे विखुरल्या आहेत. पेठेत मनोरा उभारून चाकणच्या कामगाराचं घर जवळ येत नाही.

उंच इमारतींची जागाच नाही असं मात्र आम्हाला म्हणायचं नाही. माणसांची ने-आण जिथं मोठ्या प्रमाणात होऊ शकते तिथं जास्त माणसं राहावीत, हे शहाणपणाचंच आहे. पुण्यात मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या स्थानकांभोवतीच्या ५०० मीटरच्या परिघात चटई क्षेत्र निर्देशांक चारपर्यंत देण्याचं धोरण याच विचारातून आलं. मात्र चार हा निर्देशांक म्हणजे चाळीस मजले नव्हेत, हे काडेपेट्यांनी आपल्याला शिकवलं आहे. तिथला रस्ता, मैलापाणी आणि शाळा त्या प्रमाणात वाढल्या का, हे विचारायला हवं.

टेकडी कशानं वाचते?

मनोरे बांधले की टेकड्या आणि शेतं आपोआप वाचतील, हा या सगळ्यातला सर्वांत मोठा गैरसमज. एका ठिकाणी वर गेल्यामुळे दुसऱ्या ठिकाणी आडवं पसरणं थांबत नाही. तेही होतं आणि हेही होतं. मोशीचे मनोरे आणि त्यांच्या पलीकडचे गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट एकाच वेळी वाढताना आपण एसटीतून पाहिलेच. टेकडी वाचते ती नकाशावर आखलेल्या आणि नंतर पाळलेल्या रेघेनं.

अशी एक रेघ आपल्या नियमांत आहे: १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करायचं नाही. पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, म्हणजे सुमारे ११.३ अंशांचा कोन. पुण्यात १९९७ च्या सुमारास आलेल्या गावांतली जवळजवळ हजार हेक्टर टेकड्यांची जमीन 'जैवविविधता उद्यान' म्हणून राखायचं ठरलं. त्यावरून वाद झाले आणि अतिक्रमणंही झाली. रेघ आखण्यापेक्षा ती पाळणं अवघड.

ती का पाळायची? टेकडी पाऊस मुरवते आणि उरलेलं पाणी ओढ्यांतून सोडते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरांकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि तो काठच्या वस्त्यांत घुसला. अनेकांचे जीव गेले. आणि उतारावरची माती अतिपावसात काय करू शकते, हे आंबेगाव तालुक्याला कुणी सांगायला नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा माळीण गावावर आला. १५१ माणसं दगावली. माळीण काही शहर नव्हतं, तिथं मनोरेही नव्हते. पण उताराचं भौतिकशास्त्र गावाला एक आणि शहराला एक असं नसतं.

तेव्हा आमचं उत्तर असं: वाढत्या शहराला उंच मनोऱ्यांपेक्षा चार ते आठ मजल्यांच्या, चौक राखणाऱ्या, चालत जाता येईल अशा वस्त्यांची जास्त गरज आहे. त्या फक्त मध्यवस्तीत नव्हे, तर जिथं काम आहे आणि बस किंवा रेल्वे आहे तिथं सगळीकडे हव्यात. थोडे मनोरे स्थानकांजवळ शोभतील. टेकड्या आणि पिकती जमीन मात्र वेगळ्या नियमानंच राखावी लागेल. हे मंचरसारख्या वाढत्या गावांना तर आजच लागू आहे. पुण्याला जे उशिरा सुचलं, ते त्यांना वेळेवर करता येईल.

वर्गात करून पाहा

१. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याच्या टोकाला लहान दगड लावा. कोनमापकाची सरळ कड उताराला समांतर धरली की दोरा किती अंशांवरून सरकला ते वाचता येतं. गावाजवळच्या टेकडीचा उतार ११ अंशांपेक्षा कुठं जास्त आहे ते शोधा आणि नकाशावर तो भाग रंगवा.

२. आपल्या गावातली एक आळी निवडा. सगळ्या घरांचे मजले मोजून आळीचा चटई क्षेत्र निर्देशांक काढा. जुनी वाड्यांची आळी आणि नवी प्लॉटची वसाहत यांत जास्त दाट कोणती? मोजण्याआधी अंदाज लिहून ठेवायला सांगा.

३. गावात आणखी शंभर कुटुंबं आली तर ती कुठं बसवाल? गावाचा नकाशा घेऊन गटागटानं आराखडे करू द्या. कुणाची शेती जाते, कुणाचा उजेड अडतो, पाणी कुठून येतं, याची उत्तरं प्रत्येक गटानं द्यायची. आपलं गाव कसं वाढावं, हे उद्या या मुलांनाच ठरवायचं आहे.